वाद्यवृंदात ड्रमरने नुसता ठेका धरावा की हात दाखवावा?

परळ_ठेका: मराठी-हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदात ड्रम वाजवतो, सोबत ढोलकी. दर चार बारनंतर (बार म्हणजे चार बीटचं एक आवर्तन) फिल, म्हणजे ठेका सोडून मधली जागा भरणारे ठोके, टाकला की लोक वळून बघतात, पण गायकाची सम हुकते. ढोलकीवाले दादा म्हणतात, ‘नुसता ठेका धर.’ चाळीत राहतो, म्हणून रियाज रबर पॅडवर. साध्या ठेक्यात करण्यासारखं काय असतं? आणि फिल टाकायचाच तर कुठे?

काठी_आणि_कातडं: दादांचं ऐका. 100 च्या लयीत (मिनिटाला 100 बीट) दोन सिक्स्टीन्थमध्ये, म्हणजे बीटच्या चार भागांतल्या लागोपाठच्या दोन ठोक्यांत, जेमतेम 150 मिलिसेकंद असतात. केरव्याची लग्गी, म्हणजे त्या तालातला जलद, भरगच्च भाग, सुरू झाली की ढोलकी त्या सगळ्या जागा भरते. तिथेच तुम्ही टॉमवर (सेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवर) धावलात तर कुणाचाच बोल कळत नाही, नुसता गलका होतो.

साध्या ठेक्यात खरं काम आवाजाच्या तोलाचं. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) ठसठशीत, हाय-हॅट (झांजांची जोडी) त्यांच्या खाली. बहुतेकांचं उलटं होतं, कारण काठीचा जाड भाग हॅटच्या कडेवर आपटतो. काठीचं टोक वरच्या झांजेच्या पृष्ठावर ठेवून बघा, फरक लगेच कळेल. रोलिंग स्टोन्सचे ड्रमर चार्ली वॉट्स तर स्नेअर पडताना हॅटवरचा हात उचलूनच घ्यायचे, त्यामुळे दुसरा आणि चौथा ठोका मोकळा ऐकू यायचा. लग्गीच्या वेळी स्नेअरऐवजी क्रॉस-स्टिक लावा: काठी आडवी, एक टोक कातड्यावर दाबलेलं, दुसऱ्या बाजूने रिमवर (ड्रमच्या कड्यावर) टक.

सम_राखा: फिलची जागा म्हणजे गायकाची ओळ संपून तो श्वास घेतो तेवढी. सुरुवातीला फक्त चौथ्या बीटवर, चार सिक्स्टीन्थ, पुरे.

फिल पळतो कारण हात टॉमकडे निघताना पाय थांबतात. डाव्या पायाने हाय-हॅटचं पेडल प्रत्येक बीटला चालू ठेवा. मेट्रोनोम 80 वर, तीन बार ठेका, चौथ्यात फिल, तोंडाने मोजत. न अडखळता वीसदा जमलं की मेट्रोनोम 40 वर आणा आणि तीच टिकटिक दुसऱ्या-चौथ्या बीटची माना. लय पळाली की लगेच पकडले जाल. समेवर क्रॅशबरोबर (मोठ्या झांजेबरोबर) किक हवीच. नुसती क्रॅश पोकळ वाजते आणि गायकाला सम सापडत नाही.

रबर पॅड काठी फुकट उसळवतं. फ्लोअर टॉमचं कातडं सैल, तिथे डबल स्ट्रोकचा (एकाच हाताच्या लागोपाठ दोन ठोक्यांचा) दुसरा ठोका मरतो. रोज दहा मिनिटं उशीवर डबल वाजवा. उशी काहीच परत देत नाही, मनगटाला काम करावंच लागतं, शिवाय शेजारीही झोपतात.

गिरगाव_साउंड: मिक्सरमागून एक भर. गल्लीतल्या मंडपात समोरची इमारत 17 मीटरवर असेल तर ठोका 100 मिलिसेकंदांनी परत येतो. 150 च्या लयीत सिक्स्टीन्थचं अंतरही नेमकं तेवढंच. म्हणजे जलद फिलचा प्रत्येक ठोका पुढच्यावर चढतो आणि मागच्या रांगेला फक्त गडगडाट ऐकू जातो. अशा ठिकाणी आठच्या जागी तीन ठोके टाका, मध्ये श्वास ठेवा. टॉम घुमत असेल तर कडेला रुमालाची छोटी घडी टेपने चिकटवा. मधोमध नको, आवाजच बसतो. हात दाखवायचाच असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधीचा म्युझिक पीस आहे, किंवा शेवटची तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं). तिथे मनसोक्त वाजवा.

परळ_ठेका: लग्गीत हॅटसुद्धा थांबवू का?

काठी_आणि_कातडं: नको. ढोलकीवाल्यांनाही टेकायला काहीतरी लागतं. बंद हॅटवर नुसते क्वार्टर (दर बीटला एक ठोका) द्या, आणि लग्गी संपायच्या एक बार आधी दादांकडे बघा. ते मानेने सांगतील.