शब्दचर्चा: 'अ‍ॅड्रिनल फटीग'ला मराठीत काय म्हणावं?

सुपारी:
बहिणीला गेलं वर्षभर थकवा आहे. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, सगळं एकदमच अंगावर आलं. एका आरोग्य-सल्लागाराने लाळेची तपासणी करायला लावली, 'अ‍ॅड्रिनल फटीग' आहे म्हणून सांगितलं आणि कॅप्सूलचा डबा हातात दिला. आता हे आईला मराठीत समजावायचंय. अ‍ॅड्रिनलला कोशात 'अधिवृक्क' सापडलं. मग 'अधिवृक्क थकवा' चालेल का? की 'अधिवृक्क ग्लानी'? ग्लानी जरा भारदस्त वाटतं.

पिंपळपान:
ग्लानी नको. गीतेत धर्माला ग्लानी येते ती ऱ्हासाच्या अर्थाने, पण आपल्या घरात ती तापाने फणफणलेल्या माणसाला येते. 'ग्लानीत आहे' म्हटलं की आई पुढची गाडी पकडून येईल.

'शीण' त्याहून वेगळा. शीण येतो तसा उतरतो. प्रवासाचा शीण, लग्नघरातला शीण, गरम पाण्याने आंघोळ केली आणि रात्रभर झोप लागली की गेला. म्हणून वर्षभर टिकलेल्या प्रकाराला शीण म्हणणं मला पटत नाही. 'मरगळ' मनाकडे झुकते, शेअरबाजारालासुद्धा येते. अंग आंबतं ते राबून, आणि त्याला विश्रांतीचा उतारा असतो. 'गळून गेल्यासारखं होतं', 'अंगात त्राण नाही' ही मात्र खरीखुरी रोगट तक्रार आहे. लहान मूल तसं झालं की आपण 'मलूल' म्हणतो. तो शब्द अरबीतून आला, तिकडेही अर्थ कंटाळलेला, खिन्न असाच.

थकणे हे क्रियापद मला फार आवडतं, कारण मराठीत माणूस थकतो आणि वीजबिलही थकतं. दोन्हीकडे मागची बाकी राहिलेली असते. एका रविवारी दुपारभर झोपून ती फिटत नाही, हप्त्याहप्त्याने फेडावी लागते.

अधिवृक्क शब्द बरोबर आहे. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, त्यावर बसलेली ग्रंथी ती अधिवृक्क. पण तो आईपुढे वापरू नका, तिला आणखी एक आजार वाटेल.

डॉक्टरीणबाई:
पिंपळपान यांचं शेवटचं वाक्य उचलून धरते. मूळ नावाखाली आजार आहे का, हे आधी बघायला हवं.

'अ‍ॅड्रिनल फटीग' हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने) आणलं. कल्पना अशी की, सततच्या ताणाने या ग्रंथी राबून राबून थकतात आणि त्यांतून येणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड द्यायला लागणारं संप्रेरक, कमी पडतं. ऐकायला पटतं, म्हणून तर खपतं. २०१६ साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी आधीचे ५८ अभ्यास तपासले. या कल्पनेला आधार सापडला नाही. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटना हे निदान मानत नाहीत. मोठा जंतुसंसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, तर निरोगी अधिवृक्क उलट जास्तच कॉर्टिसॉल सोडतात.

'अधिवृक्क थकवा' असा शब्द रुळला तर मला भीती वेगळीच वाटते. या ग्रंथींचा खरा आजार आहे. थॉमस अ‍ॅडिसन यांनी त्याचं वर्णन १८५५ साली केलं. त्यात थकव्यासोबत वजन उतरतं, उठून उभं राहताना भोवळ येते, मळमळतं, मीठ खावंसं वाटतं, हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा काळवंडतात. आपल्याकडे यामागे क्षयरोगही असतो. ग्रंथी मंदावण्याचं दुसरं कारण म्हणजे बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणं, कधी कधी सांधेदुखीच्या कुठल्याशा पुडीतून नकळत पोटात गेलेलं. यात काळवंडणं दिसत नाही, पण उपचार झाला नाही तर दोन्ही जिवावर बेततं. त्याला 'अधिवृक्क अपुरेपणा' म्हणा. निदान लाळेवरून होत नाही. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल पाहतात आणि शंका राहिली तर एसीटीएचचं, म्हणजे या ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन देऊन परत मोजतात. एकाच्या नावाशेजारी दुसऱ्याचं नाव ठेवलं तर लोक गोंधळतील, आणि गोंधळात खरा रोगी मागे राहील.

बहिणीला काही झालेलं नाही, असं मी म्हणत नाहीये, हे कृपया तिला सांगा. थकवा आहे, तर कारण शोधायचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, बी-१२ यापासून सुरुवात. घोरणं आणि नैराश्य या दोन गोष्टी घरात कुणी बोलत नाही, त्याही विचारा.

आणि तो डबा बंद ठेवा, पण नुकताच सुरू केला असेल तरच. कित्येक महिने घेत असेल तर न थांबवता डॉक्टरांकडे न्या. अमेरिकेत अशा १२ पूरकांची तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सगळ्यांत थायरॉइडचं संप्रेरक निघालं आणि बऱ्याच डब्यांत स्टेरॉइडही. लेबलवर नाव नसताना.

ओलीत:
मी वरूडकडचा, संत्र्यावाला. थकव्याचं मला काही समजत नाही, पण 'ताण' हा शब्द आमच्याकडे रोजचा आहे. बहार धरायचा तर झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. जमीन हलकी की भारी त्यावर किती दिवस ते ठरतं. नेमका बसला तर फूल चांगलं फुटतं, लांबला तर फांद्या वाळतात.

पुढचा शब्द महत्त्वाचा: 'ताण तोडणे'. पुन्हा पाणी सुरू करण्याला तसं म्हणतात. पहिलं ओलीत हलकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. शहरातले लोक ताण घालवतात, कमी करतात, हाताळतात. तोडत कुणी नाही.

सुपारी:
'ताण तोडणे' ढापतेय! मग 'बर्नआउट'ला काय म्हणू? बहिणीच्या ऑफिसात तोच शब्द चालतो.

पिंपळपान:
एकच असा शब्द नाही. 'मेटाकुटीला येणे' सगळ्यात जवळ. 'जेरीस येणे'मध्ये कुणीतरी आणणारा लागतो, 'घायकुतीला येणे'मध्ये घाई आहे, 'रडकुंडीला'मध्ये डोळे भरलेले. 'पिट्ट्या पडणे' एका दिवसाचा. बर्नआउटमध्ये कामाचा उबगही असतो, तो यांतल्या कशातच पुरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो आजारांच्या नव्या वर्गीकरणात घेतला, पण रोग म्हणून नाही. कामाच्या जागी साठत गेलेल्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तेव्हा 'कामाने मेटाकुटीला आलेय' हे चपखल बसतं, कारण त्यात काम हे कारणही सांगून होतं. सासूबाईंच्या शुश्रूषेला मात्र ती व्याख्या लागू नाही. बायकांचं घरातलं राबणं तिथेही मोजलेलं नाही, हा आपला एक तिरका शेरा.

डॉक्टरीणबाई:
घरातल्या राबण्याबद्दल शंभर टक्के. औषधाआधी मी विचारते, रात्री सासूबाईंना उठवायला कोण उठतं? आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या कुणी उठायचं, इतकं ठरलं तरी ओलीत म्हणतात तसं हलकं पाणी सुरू होतं. झोपण्या-उठण्याची वेळ एक, दुपारनंतर चहा बंद, रोज थोडं चालणं. यात नवं काहीच नाही, म्हणून कुणी विकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना 'थकवा' एवढंच सांगू नका, त्याने आमच्या डोक्यात चाळीस कारणं उभी राहतात. 'दमते' आणि 'दम लागतो' यांतच जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिना चढताना दम लागत असेल तर मी रक्त, हृदय आणि फुप्फुसं बघीन. 'सकाळी उठल्यावरही ताजं वाटत नाही' म्हटलं तर झोपेबद्दल विचारीन. 'काही करावंसंच वाटत नाही' म्हटलं तर खुर्ची जवळ ओढून बसेन.

सुपारी:
विचारलं तिला. दम लागत नाही. 'संध्याकाळी कणकण वाटते, आणि ड्रेस सैल झालेत' म्हणाली. कणकण यातल्या कुठल्या खणात बसते?

डॉक्टरीणबाई:
कुठल्याच नाही. कणकण म्हणजे बारीक ताप. आज संध्याकाळपासून थर्मामीटर लावा, आकडे लिहून ठेवा, वजन करा, खोकला आहे का विचारा. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि छातीचा एक्स-रे काढायचा का, ते त्यांना विचारा. आईला काय सांगायचं ते नंतर ठरवू.