'द लिव्हिंग इयर्स': हे गाणं नक्की कोणाच्या वडिलांचं?

कोथरूडकर

माइक अँड द मेकॅनिक्स या ब्रिटिश बँडचं 'द लिव्हिंग इयर्स' नुकतंच पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐकलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. गाणं १९८८ सालचं, मार्च १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आमच्या घरी नाट्यसंगीत आणि भावगीतं चालायची, त्यामुळे हे सगळं मला नवीन.

गाण्यातल्या मुलाचं वडिलांशी कधी पटलेलं नाही. वडील गेले त्या सकाळी तो जवळ नव्हता. सांगायचं होतं ते राहून गेलं. त्याच वर्षी त्याला मूल होतं आणि बाळाच्या रडण्यात त्याला वडील भेटल्यासारखे वाटतात.

मग बँडबद्दल वाचत गेलो. माइक रदरफर्ड हा जेनेसिसचा गिटारिस्ट. १९८५ मध्ये त्याने जेनेसिस न सोडता हा दुसरा बँड उभा केला. त्याचे वडील रॉयल नेव्हीत कॅप्टन होते. १९८६ मध्ये तो दौऱ्यावर असताना ते गेले. पण गाण्याचे शब्द त्याचे नाहीत, बी. ए. रॉबर्टसन या स्कॉटिश गीतकाराचे आहेत. त्याचंही वडिलांशी ताणलेलं होतं, आणि ते गेल्यावर तीन महिन्यांनी त्याला मुलगा झाला. गायलंय तिसऱ्याच माणसाने, पॉल कॅरॅकने. तो अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील कामावरच्या अपघातात गेले होते.

माझं म्हणणं असं, की तिघांनीही आपापले वडील या गाण्यात आणलेत, म्हणून ते एकट्याच्या आत्मकथनापेक्षा जास्त खरं वाटतं. आपल्याकडे बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं 'पैसे पाठवू का' आणि 'जेवलास का' यापुढे जात नाही. हे गाणं त्याच्या पुढचं बोलतं. तुम्हाला काय वाटतं?

जुना_श्रोता

सहमत नाही. आत्मकथन म्हणजे ज्याने भोगलं त्याने स्वतःच्या नावाने सांगणं. पुण्याला याचा दाखला शोधायला देहूच्या पलीकडे जावं लागत नाही. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, हे तुकोबा स्वतः सांगतात आणि खाली 'तुका म्हणे' अशी सही करतात. इथे शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा, बँड तिसऱ्याचा. कॅरॅक उत्तम गायक आहे, वाद नाही. पण १९७४ मध्ये एस या बँडबरोबर 'हाऊ लाँग', १९८१ मध्ये स्क्वीझबरोबर 'टेम्प्टेड', असा वेगवेगळ्या बँडना आवाज देत आलेला तो व्यावसायिक गायक आहे. गाणं चांगलं आहे म्हणा. आत्मकथन म्हणू नका.

निषाद

तुकोबांचाच दाखला घेतो. पालखी पुण्यात येते तेव्हा दिंडीतला प्रत्येक जण ते अभंग स्वतःचे असल्यासारखे म्हणतो. लोणी काळभोरच्या रस्त्यावर भर पावसात टाळ वाजवणाऱ्या माणसाला 'तू कुठे दुष्काळ भोगलास' असं कोणी विचारत नाही. सही एकाची असली तरी गाणाऱ्याचं दुःख खोटं ठरत नाही.

आणि कॅरॅकचं गाणं कान देऊन ऐका. सुरुवातीला तो आवाज जवळजवळ दाबूनच ठेवतो. हुंदका नाही, गळ्यातली एखादी हरकतही नाही. वडिलांच्या मृत्यूची ओळ तर तो इतकी सरळ म्हणतो की ती बातमीच वाटते. नुसत्या व्यावसायिक गायकाने तिथे नक्की गळा काढला असता.

मृण्मयी

मला कोणी लिहिलं, कोणी गायलं यापेक्षा गाणं कोणाला काय करायला लावतं याचा त्रास होतो. आमच्या घरात बहिणीने जातीबाहेर लग्न केलं. बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यानंतर प्रत्येक लग्नामुंजीत काका-मामा-आत्या तिलाच बाजूला घेऊन सांगायचे, 'त्यांचं वय झालंय, तूच फोन कर.' बाबांना कोणी एकदाही सांगितलं नाही. हे गाणं त्या काका-मामांच्या बाजूचं आहे. वडील गेल्यावर मुलाने झुरायचं, आणि वडील जिवंत असताना त्यांनी काय केलं हा प्रश्न कोणी विचारायचा नाही.

शेवटाकडचा लहान मुलांचा कोरसही मला आवडत नाही. श्रोत्याने रडलंच पाहिजे म्हणून तो आणलाय.

कोथरूडकर

मृण्मयी, तुमच्या बहिणीवर अन्याय झाला, त्यात दुमत नाही. पण गाण्यात दोन्ही बाजू आहेत. सुरुवातच अशी आहे की प्रत्येक पिढी आधीच्या पिढीला दोष देते. वडिलांना जे प्रिय होतं त्यात आपण कैद झालो, असंही तो मुलगा स्पष्ट म्हणतो. ध्रुवपदात मोठ्याने बोला आहे, तसंच ऐका हेही आहे.

जुना_श्रोता, आणखी एक गोष्ट. रदरफर्डने २०१४ मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याला याच गाण्याचं नाव दिलं, आणि त्यात वडिलांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतले उतारे घेतले. शब्द दुसऱ्याचे होते तरी त्याने ते गाणं आयुष्यभर आपलं मानलं. ही सही नाही तर काय?

जुना_श्रोता

ती पुस्तकावरची सही आहे, गाण्यावरची नाही. मात्र मुलाच्या पुस्तकात वडिलांचा स्वतःचा आवाज आलाय, हे मला गाण्याहून मोठं वाटतं. गाण्यात वडिलांना एक वाक्यही बोलायला मिळत नाही. पुस्तक मिळवून वाचतो.

निषाद

कोरसबद्दल: शेवटच्या कडव्यात बाळ येतं, त्यामुळे लहान मुलांचे आवाज मला तिथे योग्यच वाटतात. तेवढीच मुलं सुरुवातीपासून असती तर मीही वैतागलो असतो.

मृण्मयी

कोथरूडकर, ऐका असं म्हटलंय, मान्य. पण गाण्यात झुरतो कोण? मुलगाच. मी अजूनही तिथेच अडले आहे. आपल्या पुण्यात संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'वर सभागृहंच्या सभागृहं रडलेली आहेत, आणि तिथे निदान बोलतो बाबा. पण त्याची मुलगी लहान आहे, तिने अजून त्याच्या मनाविरुद्ध काही केलेलंच नाही. तिशीतल्या, मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला 'तेव्हा मी तुझं ऐकायला हवं होतं' असं सांगणाऱ्या बापाचं गाणं मला हवंय. मराठी, इंग्रजी, कुठल्याही भाषेतलं चालेल. माहीत असेल त्यांनी इथे लिहा, मी बहिणीला पाठवणार आहे.