मदत हवी आहे : सेलेस्त बुर्सिए-मुजेनो यांचं काम कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

कलामहाविद्यालयातल्या मुलांसमोर या फ्रेंच कलाकारावर बोलायचंय. जन्म १९६१, नीसचा. आधी पास्काल राँबेर यांच्या नाटकांना संगीत द्यायचे, मग हळूहळू कलादालनांकडे वळले. २०१५ च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) फ्रान्सच्या दालनात त्यांनी पाइनची झाडं मुळांवरच्या मातीसकट चालवली, अगदी संथपणे. तेही ठीक; पण माझा जीव अडकलाय तो त्यांच्या ‘क्लिनामेन’ या कलाकृतीमध्ये.

निळ्या कुंडात पाणी, पंपाने सोडलेला हलका प्रवाह आणि त्यावर तरंगणारे पांढरे चिनी मातीचे वाडगे. एकमेकांवर आपटले की किणकिण. वाजवणारा कुणी नाही! मुलांना जलतरंगाचा दाखला द्यावासा वाटतो, पण तिथे वादक असतो, राग असतो. मग दाखला दिशाभूल तर नाही ना करणार?

लंडन-पॅरिसकडच्या मंडळींनी सांगावं : खोलीत आवाज किती मोठा येतो? लोक थांबतात, की फोटो काढून निघतात? व्हिडिओवरून काही कळत नाही. आणि त्यांच्या नाटकाच्या दिवसांवर इंग्रजीत नीट काही वाचलं असेल तर तेही कळवा. फ्रेंच मला येत नाही.