बॉडीबिल्डिंगमधली औषधं (स्टेरॉइडं वगैरे) आणि शरीराचे हाल : जवळून पाहिलेलं लिहा

पहाटवारा
रॉनी कोलमनचा कुबड्या घेऊन चालतानाचा व्हिडिओ काल समोर आला आणि झोपच उडाली. १९९८ ते २००५, सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेला माणूस. पाठीच्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. त्याच्या बाबतीत अवजड वजनांचा वाटा मोठा आहे, मान्य. पण मला आठवला माझा मामेभाऊ. दादा व्यावसायिक स्पर्धा खेळायचा आणि मी बॅकस्टेजला त्याच्या अंगाला टॅन (गडद रंग) लावायला असायचो.

लोकांना दिव्यांखालचा दादा दिसायचा. मला आदल्या रात्रीचा दिसायचा. मीठ बंद, पाणी बंद, वर लघवीची गोळी, म्हणजे कातडीखालचं उरलंसुरलं पाणी जाऊन स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात. ओठ फुटलेले, पोटऱ्यांत गोळे, घोटभर पाण्यासाठी कोचकडे बघत बसलेला. शरीर ज्या दिवशी सगळ्यात देखणं दिसतं त्याच दिवशी ते सगळ्यात अशक्त असतं, हे मी तिथे पाहिलं.

तुम्ही स्वतः, घरच्यांनी, मित्रांनी, पेशंटनी जे भोगलं ते लिहा. डोस आणि कुठे मिळतं हे मात्र कृपया नको.

चांदणवेल
गोळे म्हटल्यावर पॉल डिलेट हा बॉडीबिल्डर आठवतो. १९९४ ची आर्नल्ड क्लासिक स्पर्धा. पोझ देता देता जागच्या जागी आखडला, हलताच येईना, उचलून न्यावं लागलं. तो वाचला तरी. मोहम्मद बेनअझीझा १९९२ मध्ये हॉलंडची स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. जिंकून!

पाण्याबरोबर पोटॅशियम-सोडियमचा तोल जातो आणि हृदयाचा ठोका त्याच तोलावर चालतो. काही गोळ्यांनी पोटॅशियम घटतं, काहींनी चढतं. एकत्र घेतल्या तर काय होईल हे घेणाऱ्यालाही कळत नाही.

रानपाखरू
डायलिसिस युनिटला आहे, रात्रपाळीत लिहितेय, चुका समजून घ्या.

तरुण, दंड मांडीएवढे, आणि क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा स्नायूंचा कचरा) चढलेलं. घरचे म्हणतात "स्नायू जास्त आहेत म्हणून वाढलंय". हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यापायीच वेळ जातो. स्नायू जास्त असले की क्रिएटिनिन थोडं वर असतंच. म्हणून तर अशा माणसाचं सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची तपासणी) बघायचं, लघवीतलं प्रथिन बघायचं. लघवीला फेस येतोय हे कित्येकांना आधीपासून माहीत असतं, पण स्पर्धा तोंडावर म्हणून गप्प.

फ्लेक्स व्हीलर या बॉडीबिल्डरला किडनीच्या चाळण्यांचा आजार झाला, २००३ मध्ये प्रत्यारोपण करावं लागलं. पुढे २०१९ मध्ये पायही गेला. त्याचा आजार फक्त औषधांनी झाला असं मी म्हणणार नाही. पण वाढलेला बीपी आणि इतकं वजन वर्षानुवर्षं वाहणाऱ्या किडनीवर काय भार येतो ते मी रोज बघते. बेल वाजली, येते.

उंबरठा
घेतानाचं सगळे बोलतात. बंद केल्यावरचं मी लिहिते.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, स्टेरॉइडं म्हणजे त्याचेच प्रकार) मिळत राहिलं की मेंदू एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारे हार्मोन, पाठवणं थांबवतो, त्यामुळे वृषणांचं काम बंद पडतं, ती आक्रसतात. मग औषध सोडलं की बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. ह्यांनी स्पर्धा सोडल्या तेव्हा आमच्या घरात हेच झालं. रात्र रात्र जागे. दिवसा सोफ्यावर. हात बारीक होत चालले म्हणून पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागले, आरसा झाकून ठेवला. मी आळशीपणा समजून भांडले असते, पण एका डॉक्टरबाईंनी आधीच बसवून सांगितलं होतं की हा हार्मोनचा खड्डा आहे, नैराश्य येणार, एकटं सोडू नका.

त्यात आम्हाला मूल हवं होतं. रिपोर्टात शुक्राणू शून्य. बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात, कुणाला वर्षाच्या वर. काहींचे पूर्ण येतही नाहीत. आमचे आले. मुलगी आत्ता उठली आहे, बाकीचं नंतर.

अबोली
उंबरठाताई, वाचताना डोळे भरले. लेकीला गोड पापा.

भटकी लेखणी
सगळं औषधांच्या माथी मारू नये असं मला वाटतं. हजारो लोक घेतात, त्यातले कितीतरी ठीक असतात. अनुवंश, धूम्रपान, झोप, हे पण बघायला हवं. आणि स्टेरॉइडं म्हणजे विष नव्हे, डॉक्टर पेशंटना देतातच की.

आडवाट
भटकी लेखणी, शेवटचं वाक्य मान्य. पण डॉक्टर देतात ते कमी पडलेलं भरून काढायला, आणि इथे त्याच्या कितीतरी पट, दोन-तीन औषधं एकत्र, वर ग्रोथ हार्मोन, इन्सुलिन. इन्सुलिनने साखर उतरून बेशुद्ध पडलेला एकजण रुग्णालयात आणलेला मी पाहिलाय. मधुमेह नसलेला, धडधाकट मुलगा.

मी ईको (हृदयाची सोनोग्राफी) करतो. खूप पळणाऱ्या माणसाचं हृदय मोठं होतं, पण त्याचे कप्पे प्रशस्त होतात, भिंत लवचिक राहते. ह्यांच्यात भिंत जाड आणि ताठ होते, रक्त भरताना हृदय नीट सैल पडत नाही. शिवाय चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त दाट होतं. डॅलस मॅकार्व्हर हा बॉडीबिल्डर २०१७ मध्ये गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. शवविच्छेदनात हृदयाचं वजन ८३३ ग्रॅम. सर्वसाधारण पुरुषाचं ३०० च्या आसपास असतं. त्याच महिन्यात दुसरा बॉडीबिल्डर रिच पियाना गेला, स्टेरॉइडं घेतो हे तो उघडपणे सांगायचा.

युरोपियन हार्ट जर्नलमध्ये २०२५ साली २०,२८६ पुरुष बॉडीबिल्डर्सचा अभ्यास आला. १२१ मृत्यू, सरासरी वय ४५. आणि हृदय अचानक बंद पडून मरण्याचा धोका व्यावसायिकांना हौशी खेळाडूंच्या पाचपटीहून जास्त. "कितीतरी ठीक असतात" हे खरंच आहे, पण ठीक आहेत हे त्यांना कुणी ईको करून सांगितलेलं नसतं.

भटकी लेखणी
हा अभ्यास माहीत नव्हता, आज वाचतो. पाचपट खूप झालं.

पहाटवारा
दादाबद्दल व्यनित (खासगी निरोपात) विचारलंय काहींनी. दादा आहे. बीपीच्या दोन गोळ्या चालू, दरवर्षी ईको. आता मुलांना शिकवतो, पाणी तोडू देत नाही कुणाला.

निळी शाई
बायकांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी स्टेजवर उभी राहिले आणि त्या मेहनतीचा मला आजही अभिमान आहे.

कोच म्हणाला होता, हलकं औषध आहे, बायकांना चालतं. काही आठवड्यांत घसा खवखवायला लागला, मला सर्दी वाटली. मग वरचे सूर लागेनात. पाळी बंद, हनुवटीवर केस, मुरुमं. थांबवल्यावर पाळी आली, त्वचा सुधारली. आवाज नाही आला. स्वरतंतू एकदा जाड झाले की परत बारीक होत नाहीत, हे मला आधी कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. फोनवर "बोला सर" म्हणतात. मी मुलाला झोपवताना गाते तरीही, खालच्या पट्टीत.

मुलींनो, घसा बसतोय असं वाटलं तर त्याच दिवशी थांबा. स्पर्धा संपेपर्यंत नाही.

चांदणवेल
निळी शाई, खालची पट्टी पण सुंदर असते गं. खूप धीराने लिहिलंस.

धुकं
आंद्रेआस म्युन्झरचं नाव कसं आलं नाही अजून? ऑस्ट्रियन बॉडीबिल्डर. अंगावर चरबी म्हणून नाहीच, कातडीखाली धागे न् धागे दिसायचे, आमच्या पिढीच्या भिंतीवर त्याचा फोटो. मार्च १९९६ मध्ये पोटात दुखतं म्हणून रुग्णालयात नेला, आतून रक्तस्राव, मग एकेक अवयव बंद. वय ३१. यकृतात गाठी होत्या. तोंडाने घ्यायची स्टेरॉइडं यकृतात लगेच नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांची रचना बदललेली असते, आणि तोच बदल यकृताला जाळतो.

१९९० मध्ये मिस्टर ऑलिंपियात औषधांची चाचणी घेतली होती. काही बाद झाले. पण पुढे ते टिकवलं नाही, आणि शरीरं त्यानंतर आणखी अजस्र होत गेली. परीक्षकांनी गुण कशाला दिले ते बघा, खेळाडू तिकडेच जाणार. मला खेळाडूंपेक्षा त्यांचा राग येतो.

आडवाट
धुकं, शंभर टक्के. डोरियन येट्सचं पण तेच, स्नायू वाढतो त्या वेगाने कंडरा वाढत नाही. आधी बायसेप, मग ट्रायसेप फाटला, आणि १९९७ चं मिस्टर ऑलिंपियाचं विजेतेपद घेऊन थांबावं लागलं.

अबोली
मध्येच विचारते, भाचा व्हे प्रोटीन घेतो. ते पण यातलंच का? वहिनी घाबरली आहे धागा वाचून.

चांदणवेल
नाही हो. व्हे म्हणजे दुधातलं प्रथिन. किडनी धडधाकट असेल तर घाबरू नका. फक्त "झटपट चरबी जाळणारं" अशा भुकट्या-गोळ्या आणत नाही ना ते बघा. डीएनपी नावाच्या रसायनाने शरीराची उष्णता इतकी चढते की माणसं दगावली आहेत, त्याला उतारा नाही.

अबोली
हुश्श. वहिनीला पाठवते.

वाटाड्या
रानपाखरू, तुम्ही अजून रात्रपाळीतच? मागच्या एका धाग्यावर बदलून मिळणार म्हणाला होतात.

रानपाखरू
पुढच्या महिन्यात मिळतेय 🙂 आठवण ठेवलीत, बरं वाटलं.

सायली वेल
पहिल्यांदाच लिहितेय. धाकटा भाऊ घेतो, काल रात्री हा धागा त्याला वाचून दाखवला. तपासायला तयार झाला, पण डॉक्टरांना खरं सांगायला लाजतोय. नुसत्या तपासण्या करून कळेल ना?

रानपाखरू
सायली, औषधांची नावं सांगितल्याशिवाय रिपोर्टचा अर्थ लागत नाही. एसजीओटी-एसजीपीटी (यकृताच्या तपासण्या) नुसत्या जोरदार व्यायामानेही वाढतात, सोबत जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम बघितलं की यकृताचं कळतं. हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट ते), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), सिस्टॅटिन सी, लघवी, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, बीपी, आणि ईको. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे म्हणावं. आम्ही कुणाला ओरडत नाही. आणि मनाने एकदम बंद करू नका, उंबरठाताईंनी लिहिलंय तो खड्डा येतो. डॉक्टरांना विचारून.

सायली वेल
चिठ्ठी लिहितोय आत्ता शेजारी बसून. उद्याच नेते. उपाशीपोटी का?

रानपाखरू
हो, सकाळी आठच्या सुमारास. टेस्टोस्टेरॉन सकाळीच बघतात. पाणी पिऊन चालेल, आणि आदल्या दिवशी जिम नको.