लांबट ब्युटेन डबा आणि ॲडॅप्टर: थोडी भर
ब्युटेन या इंधनवायूचा लांबट, स्वस्त डबा ॲडॅप्टर (दोन वेगळ्या प्रकारची तोंडे जोडणारा सुटा भाग) लावून आट्यांच्या, म्हणजे फिरवून बसवायच्या, ट्रेकिंग स्टोव्हला जोडावा का, या प्रश्नावर थोडी भर घालतो. डबा आडवा ठेवायचा असेल, तर त्याच्या कडेवरील खाच वरच्या बाजूलाच हवी, कारण ती खाली गेल्यास आतल्या वाकड्या नळीतून वायूऐवजी द्रवरूप ब्युटेन येऊन ज्वाळा एकदम भडकते. माझ्या मते, रबरी नळीचा, जमिनीलगत बसणारा स्टोव्ह असेल तरच हा खटाटोप करावा. स्टोव्ह थेट उभ्या, उंच डब्यावर बसवला तर पातेले डुगडुगते. सह्याद्रीत ब्युटेन चालून जाते, परंतु त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस असल्याने, म्हणजे त्याहून जास्त थंडीत ते द्रवरूपच राहत असल्याने, हिमालयातील बर्फात आयसोब्युटेन-प्रोपेनचे मिश्रणच घ्यावे. रिकाम्या डब्यात पुन्हा गॅस भरणे मात्र कटाक्षाने टाळावे. प्रमाणाबाहेर भरलेला डबा तापल्यावर फुटू शकतो.