पावसात कुत्र्याला घरात कसं रमवायचं?

टिळकवाडीकर: बेळगावात पाऊस लागला की आमच्या मुधोळ जातीच्या कुत्र्याला फिरवणं बंद, मग दिवसभर चपला कुरतडत बसतोय. घरात काय खेळवू?

खानापूरकर: वासावरनं हुडकायला लाव की. जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळून दे, आधी त्याच्यासमोरच, जमलं की मग दाराआड, खुर्चीखाली लपव. मुधोळ नजरेनं शिकार करणारा, तरी नाक तेजच असतंय. दहा मिनिटं पुरे, हुंगून हुंगून दमतोय बघ.

शहापूरची ताई: तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली उकडलेलं चिकन. आमची बरोबर तीच वाटी पंज्यानं ढकलती, लई हुशार! पण कांदा, मनुका, चॉकलेट अजिबात नको, कुत्र्याला विषारी असतंय. आणि सापडलं नाही तर ओरडू नका हो, बोटानं दाखवा.