ल्युपस आणि कोलेस्टेरॉल : रिपोर्ट कसा वाचायचा?

ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) सगळं लक्ष सांधे, त्वचा आणि किडनीकडे जातं, हृदय मागे राहतं. ज्यांना या विषयातलं नेमकं माहीत आहे त्यांनी इथे लिहावं.

संधिवात विभागातून
'वय लहान आहे, हार्टचं काय घेऊन बसलात' हे ल्युपसला लागू नाही. पिट्सबर्गच्या 1997च्या अभ्यासात ल्युपस असलेल्या 35 ते 44 वयाच्या स्त्रियांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नासपटीहून जास्त आढळलं. धोका मोजायच्या नेहमीच्या तक्त्यांत ल्युपस धरलेलाच नसतो. क्यूरिस्क-3 या तक्त्यात ल्युपस आणि स्टेरॉइड दोन्ही आहेत, पण तो ब्रिटिश लोकसंख्येवर बेतलेला आहे.

लॅबवाली
आजार उसळलेला असताना ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरतं आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरं दिसतं. समजा टोटल कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 300. बहुतेक लॅब एलडीएल हिशोबाने काढतात : 210 वजा 32 वजा (300 भागिले 5), म्हणजे 118. बघणारा निश्चिंत होतो. पण टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा, 178 येतात. हे नॉन-एचडीएल, म्हणजे चांगलं सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल, आणि ल्युपसमध्ये मी आधी तेच बघते. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेले तर हे सूत्र चालत नाही, डायरेक्ट एलडीएल मागा. रिपोर्टवर त्या दिवशीचा प्रेडनिसोलोनचा (स्टेरॉइडचा) डोस लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?

किडनीच्या बाजूने
@लॅबवाली ताई, त्याच दिवशी लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करायला सांगा. लघवीतून प्रोटीन भरपूर जात असेल तर लिव्हर जास्त लायपोप्रोटीन (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण) बनवतं आणि एलडीएल एकदम वर जातं. अशा वेळी नुसतं तेल-तूप कमी करून भागत नाही, नेफ्रायटिसवर (किडनीच्या सुजेवर) उपचार लागतात. बीपी 130/80च्या खाली हवं.

फार्मसी काउंटर
हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) बंद करू नका, ती लिपिडलाही (रक्तातल्या चरबीलाही) मदत करते. डोस किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमपर्यंत. 50 किलोला 250 होतात, म्हणून डॉक्टर कधीकधी एक दिवस 200, एक दिवस 300 असं देतात. डोळ्यांची तपासणी सुरुवातीला, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.
स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करण्याआधी सीके (स्नायूंसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एसजीपीटी (लिव्हरसाठी) या रक्ततपासण्या करून घ्या. ल्युपसमध्ये स्नायू तसेही दुखतात. आधीचा आकडा नसेल तर नंतरचं दुखणं गोळीचं की आजाराचं, हे कळत नाही. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन अजिबात नको, अटोरव्हास्टॅटिनही टाळतात. मूल हवं असेल तर स्टॅटिनबद्दल आधीच बोला. फेरतपासणी 4 ते 12 आठवड्यांनी.

आहारतज्ज्ञ
कोलेस्टेरॉल उतरवणारी म्हणून अल्फाल्फाची पावडर किंवा गोळ्या मिळतात. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. त्यातल्या कॅनाव्हॅनिन नावाच्या घटकामुळे ल्युपस भडकू शकतो, मोड आणून तर मुळीच खाऊ नका. 'नैसर्गिक' पाहून घेतात, म्हणून कळकळीने सांगते. ओट्स, डाळी, जवस यांना हरकत नाही.

पुन्हा संधिवात विभागातून
लिपिड वाढलं म्हणून स्टेरॉइड मनाने सोडू नका. डोस हळूहळू, शक्य तर रोज 5 मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचा असतो. आणि छातीत दुखलं, आडवं झाल्यावर वाढलं, पुढे वाकून बसल्यावर कमी झालं तर हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते. पण तो निर्णय घरी घ्यायचा नाही. लगेच हॉस्पिटल गाठा, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा, आणि 'ल्युपस आहे' हे दारातच सांगा.